शेरूला बोटीत घेईनात : सांगलीतल्या एका घराचे दोन पूर, २०१९ आणि २०२१

सांगलीत पावसाळ्यात दोघं भेटले की पाऊसपाणी कसंय विचारत नाहीत, "आज किती फूट?" विचारतात. फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं ते. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. तर हे सगळं लिहायचं कारण असं की आमच्या मामांच्या घरात फुटांचा हिशोब माणसांचा होता, गाड्यांचा होता, फ्रीज आणि इन्व्हर्टरचा पण होता, आणि शेरू कुत्र्याचा आणि मनी मांजराचा नव्हता. आणि त्यात कुणी वाईट वागलं असंही नाही, उलट लाड जास्तच होते, म्हणूनच ही केस नीट मांडून बघावीशी वाटली.

आधी घर कसं ते सांगते. गावभागातलं जुनं घर, खाली तीन खोल्या, वर माडी, माडीला रस्त्याकडे सज्जा आणि मागे छोटी गच्ची. घरात मामा, मामी, आणि आजी (तेव्हा ८६ ची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं). शेरू म्हणजे लॅब्राडोर आणि गावठी मिक्स, तेव्हा ९ वर्षांचा, २८ किलो, मागच्या पायांत दुखणं सुरू झालेलं. मनी मांजर, वय नक्की माहीत नाही कारण ती आली तेव्हाच मोठी होती. आणि मी राहते विश्रामबागला, म्हणजे तिथून चार-पाच किलोमीटर, जिथं पाणी येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. मामांनी स्वतः ऑइलपेंटनं रेघ मारलीय. तेव्हा आयर्विनला ५४ च्या आसपास गेलं होतं आणि घरात कंबरेच्या खालीच राहिलं. त्यामुळे २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं तेव्हा मामांचं गणित सरळ होतं, की २००५ पेक्षा जास्त काय येणार, सामान माडीवर चढवू आणि आपण पण वरच बसू. अख्ख्या गल्लीचं हेच गणित होतं. फक्त टोकाला एक गवळी आहेत, आम्ही तात्या म्हणतो, सहा म्हशी, त्यांनी रविवारी सकाळीच, म्हणजे ४ तारखेला, गल्ली कोरडी असताना टेम्पो आणून म्हशी मिरजेकडच्या पाहुण्यांच्या मळ्यात नेऊन सोडल्या. गल्लीतले हसले, तात्या घाबरट म्हणून. मामा पण हसले, ते स्वतःच सांगतात.

सोमवारी रात्री गल्लीत पाणी, मंगळवारी खालच्या खोल्यांत. रात्रीतून २००५ ची रेघ बुडाली. पुढे आयर्विनला ५७ च्या वर गेलं, म्हणजे आधीच्या रेकॉर्डच्या पण तीन-साडेतीन फूट वर, आणि जुन्या घरात तीन फूट म्हणजे जिन्याच्या किती पायऱ्या ते तुम्हीच मोजा.

आता माडीवर काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण नंतर जो शहाणपणा आला तो सगळा या चार दिवसांतून आलाय.

पहिली गोष्ट म्हणजे खाणं. शेरूची दहा किलोची बॅग जिन्याखाली होती. टीव्ही वर नेला, गाद्या वर नेल्या, आजीचा कमोड वर नेला, बॅग राहिली. भिजलेलं ते खाद्य एका दिवसात आंबतं, फेकायच्याच लायकीचं. मग पोळी-दूध, दूध संपल्यावर पोळी-पाणी, मग बिस्किटं. मनीला तर ते पण चालेना.

दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. शेरू नऊ वर्षं रोज नदीकडं जाऊन शी-शू करणारा. घरात कधी केली नाही, केली तर ओरडा बसायचा. तो गच्चीवर करेचना. जवळजवळ दीड दिवस त्यानं धरून ठेवलं, नुसता जिन्यापर्यंत जायचा, पाणी बघायचा, परत यायचा. शेवटी मामींनी शेवंतीच्या दोन कुंड्या गच्चीवर उपड्या केल्या (तुळशीला हात लावला नाही, ते त्या आवर्जून सांगतात), त्या मातीचा वास घेऊन स्वारी मोकळी झाली. मला ऐकताना हसू आलं होतं पण नंतर डॉक्टर म्हणाले की म्हाताऱ्या कुत्र्यानं इतका वेळ लघवी कोंडणं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

तिसरी, पाणी. पावसाचं पाणी पातेल्यात धरून माणसांचं भागत होतं, पण शेरू जिन्यातलं पुराचं पाणी प्यायचा, कारण ते समोर होतं आणि दार लावायचं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. २८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं. बुधवारी जुलाब सुरू झाले. माडीवर, बंद खोलीत, लाईट नाही, नळाला पाणी नाही, आणि आजी शेजारी झोपलेली. पुढचं लिहीत नाही.

बुधवारी, ७ तारखेला, पहिली बोट आली. आजींना घ्यायला आली होती, आम्हीच इकडून फोन करकरून सांगितलं होतं. बोटवाले म्हणाले, "ओ काका, कुत्रं नाही घ्यायचं, माणसं आधी." बरोबरच होतं त्यांचं, गल्लीत अजून दोन बाळंतिणी आणि एक डायलिसिसवाले काका होते. मामी आणि आजी गेल्या. मामा थांबले. "शेरूला टाकून मी येणार नाही," एवढं बोलून विषय संपवला. म्हणजे ६४ वर्षांचा, बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस एका कुत्र्यासाठी पुरात एकटा मागे राहिला, आणि आम्ही सगळे विश्रामबागेत फोन हातात धरून बसलो.

हे फक्त आमच्या मामांचंच वेड नाही बरं का. अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये हेच झालं होतं, कुत्री-मांजरं सोबत घेऊ देत नाहीत म्हणून कितीतरी लोक घर सोडायलाच तयार झाले नाहीत. त्यानंतर २००६ मध्ये तिथं कायदाच केला की आपत्तीचे प्लॅन करताना पाळीव प्राणी असलेल्या लोकांचा विचार झालाच पाहिजे. म्हणजे कुत्र्याचा प्रश्न हा शेवटी माणूस मागे राहण्याचा प्रश्न होतो, हे तिकडे पण हात पोळल्यावरच कळलं.

८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, जास्त माणसं भरलेली. ती बातमी कळल्यावर बोटीत वजनाबद्दल जो तो धास्तावला आणि कुत्र्याचं नाव काढायची पण आम्हाला लाज वाटायला लागली.

९ तारखेला गल्लीतलीच पोरं एक बोट घेऊन आली. ती म्हणाली घेतो, पण तोंड बांधा. मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला लावायची मुसकी, कुठंय? घरात कधी आणलंच नव्हतं, शेरू चावतो थोडाच! मामांनी पंचा फाडून पट्टी केली. त्याची पद्धत असते, नाकावरून एक फास, हनुवटीखाली तिढा, मग कानांमागे गाठ. पण अशी पट्टी अगदी काही मिनिटांसाठीच, कारण कुत्रा तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड करतो आणि तोंड बांधलं की ते बंद, उलटी आली तर गुदमरायचीच भीती, आणि पग वगैरे चपट्या नाकाच्यांना तर बांधायचीच नाही. मामांना हे काही माहीत नव्हतं, त्यांनी बैलाचं वेसण बांधावं तसं काहीतरी बांधलं. चादरीची झोळी करून सज्ज्यावरून शेरूला खाली सोडायला लागले, खाली बोट हलतेय, इंजिनाचा आवाज, शेरूनं पाय झाडले, पट्टी सुटली, आणि झोळी धरणाऱ्या पोराच्या हाताला चावा बसला. चांगला खोल.

आता चावा बसला की काय करायचं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. वाहतं पाणी तर चोहीकडं होतं पण कसलं! बाटलीतलं पाणी ओतून धुतलं. मग प्रश्न आला शेरूला रेबीजची लस आहे का. होती, पण पाच महिन्यांपूर्वीच तारीख उलटून गेलेली, आणि कार्ड खालच्या कपाटात, म्हणजे पाण्यात. त्या पोराला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला, ठरलेल्या तारखांना, अर्धं शहर पाण्यात असताना. त्यानं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मामा त्याच्या घरी अजून दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जातात.

आणि मनी? बोटीच्या इंजिनाचा आवाज आला तशी ती माळ्यावर गेली, जुन्या ट्रंकांच्या मागे. मांजर घाबरलं की पळत नाही, घुसतं, आणि एकदा घुसलं की मालकानं हाक मारली तरी येत नाही, हे त्यांच्या रक्तातच आहे. पोरं म्हणाली काका पाच मिनिटं, मग निघायचं. पाच मिनिटांत ती काही आली नाही. मामांनी खिडकी उघडी ठेवली, दोन पातेल्यांत पावसाचं पाणी आणि बिस्किटांचा चुरा ठेवला. पाणी उतरल्यावर, चिखल काढायला परत गेलो, बिस्किटं तशीच होती. आजूबाजूचे घरांवरचे पत्रे, गच्च्या, पडके वाडे, सगळं पालथं घातलं. मनी सापडली नाही.

शेरूचं म्हणाल तर जुलाब आठवडाभरात आटोक्यात आले. डॉक्टरांना खरी भीती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, एक जंतूंचा आजार) होती, उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते पाण्यात येतं आणि माणसाला पण होतं. कुत्र्यांच्या सेव्हन-इन-वन लसीत लेप्टोचा भाग असतो पण त्याचा जोर वर्षभरच, दरवर्षी परत द्यावीच लागते, आणि आमची ती पण राहिलेली. नशिबानं रिपोर्ट चांगला आला. चिखलातल्या काचांनी पंजे मात्र फाटले होते आणि ढग गडगडला की थरथरायची सवय कायमची लागली.

मग त्या सप्टेंबरमध्ये मामा तात्यांकडं दूध आणायला गेले आणि विचारलं, तुम्ही रविवारीच कसे काय निघालात. तात्या म्हणाले (मामांच्या तोंडून ऐकलंय, शब्द थोडे इकडेतिकडे असतील) की माणूस गळ्याएवढ्या पाण्यातनं पण निघतंय, म्हैस टेम्पोत चढायला कोरडा रस्ता लागतोय, म्हणून आधी जनावर आणि मग माणूस. आणि वेळच आली, टेम्पो नाहीच मिळाला, तर निदान दावी सोडायची, कारण बांधलेलं जनावर जागेवर बुडतं आणि सुटलेलं पोहून कुठंतरी लागतं. त्या वर्षी दावणीला बांधलेली किती गुरं गेली ते शिरोळकडच्या लोकांना विचारा.

माझ्या मते सगळी केस इथंच आहे. आम्ही शेरूला घरातला मेंबर म्हणायचो, बर्थडेला केक वगैरे, आणि मेंबर आहे म्हणून धरून चाललो की आपण निघू तेव्हा तो पण निघेल. तात्या म्हशींना मेंबर म्हणत नाहीत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यामुळे जनावराचा निघायचा फूट वेगळा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेरूला निघायला चार तारखेला एक रिक्षा लागली असती. शंभर-दीडशे रुपये. आणि खरं सांगायचं तर मामांनी विचारलं नाही हे जितकं खरं तितकंच मी पण "पाठवून द्या" म्हटलं नाही, कारण सासूबाईंना कुत्रं आवडत नाही आणि सोसायटीत कटकट नको, असं माझ्या मनात होतं. ते मी कुणाला बोलले नव्हते, इथं पहिल्यांदा लिहितेय.

तर २०१९ च्या दिवाळीनंतर मामांच्या फ्रीजवर एक कागद लागला. ३५ फूट : शेरूची पिशवी तपासणे, रिक्षावाल्याला फोन. ४० फूट : शेरू विश्रामबागला पोचलेला असणे. "नेणे" नाही, "पोचलेला असणे", हा मामींचा शब्द. ४५ फूट : आजी, मामी, मामा. बस्स, तीनच ओळी. २००५ ची रेघ त्यांनी पुसली नाही पण तिच्याकडे बघून ठरवायचं नाही असं ठरलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिंगी आली, एवढीशी, पावसात गटाराजवळ ओरडत होती. तिच्यासाठी पहिल्याच महिन्यात प्लॅस्टिकची पेटी घेतली, दाराला जाळी असलेली, दीड हजाराच्या आसपास. आणि ती पेटी माळ्यावर ठेवायची नाही, हे महत्त्वाचं. वर्षभर हॉलमध्ये, दार उघडं, आत जुनं स्वेटर, खाणं अधूनमधून तिथंच. बहुतेक लोकांची पेटी फक्त डॉक्टरकडे जाताना निघते आणि मग ती दिसली की मांजर गायब. चिंगीला पेटी म्हणजे तिची खोली वाटते. आणि पेटी नसेलच तर उशीचा अभ्रा, मांजर आत टाकून अभ्र्याचं तोंड बांधायचं, हवा खेळते आणि ओरबाडत पण नाही. अभ्रा त्या दिवशी माडीवर होता हो, माहीत नव्हतं एवढंच.

शेरूला मझलची सवय लावायला महिना गेला. जाळीचं मझल, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. आतून दही चोपडायचं, तो स्वतःच तोंड घालायचा, चाटून झालं की काढायचं. आधी दहा सेकंद, मग मिनिट, मग पट्टा लावून गल्लीत फेरी. रिक्षाची पण तशीच सवय, एका ओळखीच्या रिक्षावाल्याला पैसे देऊन महिन्यातून एकदा विश्रामबागपर्यंत. लोक म्हणायचे कुत्र्याला रिक्षातनं फिरवताय काय, म्हणू देत.

पिशवी माडीवरच्या खुंटीला. त्यात आठवड्याचं खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन वाट्या, जादा पट्टा आणि साखळी, जुनी चादर न धुतलेली (वासासाठी, धुतली तर उपयोग शून्य), रद्दी, फिनेल, आणि लसीच्या कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये. कार्डाचे आणि औषधाच्या चिठ्ठीचे फोटो मामांच्या, मामींच्या आणि माझ्या फोनवर. शिवाय शेरूसोबत मामांचा एक फोटो, हरवला तर कुत्रा आपलाच हे दाखवायला. गळ्यातल्या पट्ट्यावर दोन नंबर, त्यातला एक पुराच्या भागाबाहेरचा, कारण घरातले सगळे फोन एकदमच डिस्चार्ज होतात हे आम्ही बघितलंय. आणि माणसांची औषधं पिशवीत घालायची नाहीत, मामी पॅरासिटॅमॉल ठेवत होत्या तेव्हा डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले, मांजराला एक गोळी पण जिवावर बेतते आणि कुत्र्याला पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

२२ जुलै २०२१, गुरुवार. कोकणात चिपळूण बुडाल्याच्या बातम्या आणि इकडे पाणी २०१९ पेक्षा जोरात चढतंय. कागदावर लिहिलेलं ३५ ला फोन, ४० ला पोचलेला. मामांनी वेग बघितला आणि ३५ च्या आधीच रिक्षा बोलावली. चिंगी पेटीतच झोपली होती, मामींनी नुसतं दार लावलं. शेरू सवयीनं रिक्षात चढला. पाऊण तासात दोघं माझ्या दारात. आजी-मामी शुक्रवारी कोरड्या रस्त्यानं कारमधून आल्या, मामा संध्याकाळी मोटरसायकलवरून. त्या वेळी आयर्विनला जवळपास ५५ पर्यंत गेलं, घर परत बुडालं, आणि बोटीत आमच्या घरचं कुणीच नव्हतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. चिंगी दोन दिवस वॉशिंग मशीनच्या मागे. तिला अंगणातल्या मातीची सवय, ट्रे कधी दाखवलाच नव्हता, तिनं सासूबाईंच्या देवघरासमोरच्या पायपुसण्यावर केलं. बांधकामावरची वाळू मागून आणली टबमध्ये, मग जमलं. शेरूच्या सांधेदुखीच्या गोळ्या चारच दिवसांच्या निघाल्या, चिठ्ठीचा फोटो होता म्हणून मिरजेत मिळाल्या. आता पिशवीत पंधरा दिवसांच्या असतात आणि दर महिन्याला जुन्या वापरून नव्या ठेवतात. रात्री गडगडाट झाला की शेरू भुंकायचा, सोसायटीच्या सेक्रेटरींचा दोनदा फोन आला.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आमचं जमलं कारण विश्रामबागेत माझं घर आहे. ज्यांचं कुणीच कोरड्या भागात नाही त्यांनी काय करायचं? शाळेत माणसांची सोय होते, गुरांसाठी छावणी आणि चारा येतो, कुत्र्या-मांजरांचं खातं या दोन्हीत बसत नाही. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या काकूंकडे दोन पॉमेरेनियन आहेत, त्यांचं कुणीच नाही इकडे. २०२१ ला त्या रिक्षात शेरूच्या शेजारी ती दोन्ही पण होती, मामांनी मला न विचारता पाठवून दिली. वन बीएचकेमध्ये तीन कुत्री, एक मांजर, आजी, आणि सासूबाई. सेक्रेटरींचे दोन्ही फोन खरं तर त्या पॉमेरेनियनांमुळे आले होते, शेरूच्या नावावर उगाच खपवलं. काकूंना सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी पण पाठवा, फक्त लसीचं कार्ड सोबत द्या.